झाडाचा फक्त मधला भाग अंधारात असेल, तर दोष कुठे शोधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : दिव्यांसकट मिळणारे सहा फुटी कृत्रिम नाताळ-झाड तीन वर्षे ऐरोलीच्या घरी व्यवस्थित चालले, यंदा माळ्यावरून काढून जोडल्यावर खालचा आणि वरचा भाग उजळला, पण मधला भाग काळोखातच राहिला, दुकानदार नवे झाड घ्या म्हणतो, तर दुरुस्ती होऊ शकते का आणि ती कुठवर करत बसावी?

दुरुस्ती बहुधा होऊ शकते. मी ठाण्यात राहतो, वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात देखभाल विभागात बरीच वर्षे काढली आहेत, आणि घरच्या झाडाबरोबरच आमच्या सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी ठेवायचे झाडही दर डिसेंबरला माझ्याच गळ्यात पडते. त्यामुळे पुढे लिहिले आहे ते बहुतेक स्वतःच्या हाताने केलेले आहे.

तुमच्या वर्णनातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वरचा भाग पेटतो ही. अशा झाडांत वीज एका भागातून दुसऱ्या भागात नेण्याच्या दोन पद्धती असतात. एका पद्धतीत जोडणी मधल्या पोकळ खांबाच्या आतच असते आणि खांब एकमेकांत बसवले की वीज आपोआप पुढे जाते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक भागाची वायर बाहेर लोंबत असते आणि तिची छोटी पिन खालच्या, अनेक तोंडे असलेल्या वाटपाच्या जोडाला लावायची असते. तुमचे झाड पहिल्या प्रकारचे असेल, तर वरच्या भागाला मिळणारी वीज मधल्या खांबातूनच गेलेली आहे. म्हणजे अडॅप्टर, बुंध्याकडची वायर आणि खांबांचे सांधे शाबूत आहेत आणि दोष मधल्या भागाच्या स्वतःच्या माळेत आहे. झाड दुसऱ्या प्रकारचे असेल, तर आधी मधल्या भागाची पिन काढून ती वरच्या भागाच्या पिनेच्या जागी लावून पाहावी. मधला भाग उजळला, तर वाटपाच्या जोडाचे ते एक तोंड गेले आहे. नाही उजळला, तर पिन किंवा माळ यांपैकी एकात दोष आहे. या अदलाबदलीला दोन मिनिटे लागतात आणि तिने निम्मा शोध संपतो, तरीही बहुतेक लोक ती न करता एकेक दिवा चाचपडत बसतात.

पिन काढलीच आहे तर ती उजेडात नीट पाहावी. खाडीकाठच्या हवेत चार महिने पावसाळा काढलेल्या बारीक पितळी पिनांवर, देवघरातल्या समईवर चढतो तसा कळंक चढतो आणि कमी व्होल्टेजची वीज त्या थरातून पुढे सरकत नाही. प्लग काढून, बारीक पॉलिश पेपरने पिन हलकेच घासून आणि वाकलेली असल्यास सरळ करून पुन्हा लावावी. आमच्या सोसायटीच्या झाडाचा दोष सलग दोन वर्षे एवढाच निघाला.

यापुढचा मार्ग झाड कोणत्या जातीचे आहे यावर ठरतो. भिंतीच्या सॉकेटात जाणाऱ्या टोकाला अडॅप्टरचा ठोकळा असेल आणि त्यावर आउटपुट म्हणून २४ किंवा ३१ व्होल्टसारखा आकडा छापलेला असेल, तर झाड एलईडीचे आहे. तीन वर्षांपूर्वी इथेच घेतलेले झाड बहुधा याच जातीचे असते. ठोकळा नसेल आणि साधी दोन पिनांची वायर थेट झाडात जात असेल, तर माळ सरळ २३० व्होल्टवर चालते आणि तिच्याशी फार जपून वागावे लागते.

कमी व्होल्टेजच्या एलईडी माळेत दिव्यांचे लहान लहान गट असतात. प्रत्येक गटातले दिवे एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक, आणि सगळे गट एकमेकांशी समांतर जोडणीत असतात. म्हणून गटातला एक दिवा गेला, तर त्या गटातले दहा-बारा दिवेच विझतात, बाकीचे चालू राहतात. तुमचा मधला भाग संपूर्ण अंधारात असेल, तर दिव्याला दोष देण्यात अर्थ नाही. एकाच वेळी सगळ्या गटांतला एकेक दिवा जात नसतो. अशा वेळी त्या भागाला वीज आणणारी मुख्य वायर कुठेतरी तुटलेली असते आणि तिची तुटण्याची ठरलेली जागा म्हणजे फांदी खांबाला जिथे बिजागरीवर मुडपते ती. दर वर्षी फांदी उघडताना आणि मिटताना वायर तिथेच वाकते. बाहेरचे प्लॅस्टिक अखंड दिसते आणि आतली तांब्याची तार मात्र तुटलेली असते. झाड चालू ठेवून एकेक फांदी बिजागरीपाशी हळू वर-खाली करावी. मध्येच चमक आली, तर जागा सापडली. प्लग काढून तेवढा तुकडा कापावा, दोन्ही टोके सोलून सोल्डर करावीत आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसती पिळून काळी टेप गुंडाळलेली जोड पुढच्या डिसेंबरपर्यंत टिकेलच असे नाही.

चमक आली नाही, तर मल्टिमीटर हवा. खांबापाशी मधल्या भागाच्या दोन तारांवर व्होल्टेज मिळते का ते आधी पाहावे आणि मग फांदी-फांदीने पुढे जावे. जिथे ते मिळेनासे होते, त्याच्या अलीकडे तूट आहे. इथे एक चूक मी स्वतः केली आहे. वायरला न टेकवता पिपाणीसारखा वाजणारा टेस्टर मी विकत आणला आणि तो माळेवरून फिरवत बसलो, पण एकदाही वाजला नाही. तो टेस्टर २३० व्होल्टच्या एसी विजेसाठी असतो. अडॅप्टरनंतरच्या कमी व्होल्टेजला तो दाद देत नाही. मात्र थेट विजेवरच्या माळेत त्याचा चांगला उपयोग होतो : फेजच्या बाजूने निघावे, तूट येईपर्यंत तो वाजत राहतो आणि तुटीनंतर गप्प होतो. शेजारच्या वायरीमुळे तो फसू नये म्हणून माळ थोडी सुटी करून धरावी लागते.

अडॅप्टर बदलायची वेळ आलीच, तर आउटपुटचा व्होल्टेज तोच आणि अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त असावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, आठ तऱ्हांनी लुकलुकणाऱ्या काही झाडांत तो ठोकळा दोन तारांवरची विजेची दिशा आलटून-पालटून देतो आणि अर्धे दिवे एका दिशेला, अर्धे दुसऱ्या दिशेला जोडलेले असतात. तिथे साधा, एकाच दिशेने वीज देणारा डीसी अडॅप्टर लावला, तर नेमके अर्धेच दिवे लागतात आणि माणूस उरलेल्या निम्म्या, निर्दोष दिव्यांत दोष शोधत राहतो.

फिलामेंटच्या बल्बांचे झाड तुमच्याकडे असण्याची शक्यता कमी आहे; तरी ज्यांच्या घरी परदेशातून आलेले झाड आहे त्यांच्यासाठी लिहितो. माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून असे झाड आणले होते. तिथली वीज १२० व्होल्टची असते आणि माळेत अडीच व्होल्टचे ५० बल्ब एकसर जोडलेले असतात. आम्ही पिनांचा आकार बदलणारा कन्व्हर्टर लावून ते इथल्या सॉकेटला जोडले. झाड क्षणभर दुपारच्या उन्हासारखे लख्ख पेटले आणि कायमचे विझले. तो कन्व्हर्टर पिन बदलतो, व्होल्टेज नाही. अशा झाडाला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. १०० बल्बांना साधारण ४० वॅट धरावेत आणि ट्रान्सफॉर्मर सगळ्या माळांच्या वॅटच्या बेरजेच्या जवळजवळ दुप्पट क्षमतेचा घ्यावा.

या बल्बांत एक सुंदर युक्ती असते. फिलामेंटखाली दोन आधारतारांभोवती बारीक तारेचे वेढे असतात आणि त्या तारेवर विद्युतरोधक थर असतो. फिलामेंट तुटले की त्या एका बल्बावर माळेचे सगळे व्होल्टेज येते, तो थर फुटतो आणि वेढ्यांतून वीज पुढे जाते. म्हणून एक बल्ब गेला तरी बाकीचे लागतात. मात्र त्या बल्बाच्या वाट्याचे व्होल्टेज उरलेल्यांना सोसावे लागते, ते अधिक तापतात आणि लवकर जातात. म्हणून अशा माळेतला गेलेला बल्ब ‘एकच तर आहे’ म्हणून तसाच ठेवू नये. वेढे न जुळल्यामुळे पूर्ण माळ विझली असेल, तर बंदुकीच्या आकाराचे एक साधन मिळते. ते विजेचा झटका देऊन वेढे जुळवते. एलईडीवर ते चालत नाही.

थेट विजेवरच्या माळेबाबत एक इशारा : माळ विझलेली आहे म्हणजे ती मृत आहे असे समजू नये. एकसर जोडणी जिथे तुटते तिथे, म्हणजे बल्ब काढलेल्या रिकाम्या होल्डरच्या दोन पत्र्यांमध्ये, पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. बटण बंद करणेही पुरेसे नाही. प्लग काढूनच होल्डरला हात लावावा. प्लगमध्ये फ्यूज असेल आणि तो उडाला असेल, तर त्याच आकड्याचा फ्यूज घालावा. चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवणारे एक गृहस्थ आमच्याच इमारतीत होते, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता कुठवर करत बसावे, याविषयी. मी एक तास धरतो. पिनांची अदलाबदल, घासणे, बिजागऱ्या आणि एक-दोन ठिकाणची सोल्डरिंग एवढ्यात झाड उजळले नाही, तर मी मधल्या भागाची माळ मेली असे मानतो. झाड मात्र टाकत नाही. पीव्हीसीच्या फांद्या दहा-बारा वर्षे सहज टिकतात, माळ तितकी टिकत नाही, आणि दोहोंना कारखान्यातच एकत्र बांधून विकणे ही मला सोयीपेक्षा अडचणच वाटते. १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या घरी झाडाला विजेचे ८० दिवे पहिल्यांदा लावले, तेही वेगळी तार ओढूनच.

जुनी माळ उपसून काढण्याच्या भरीस पडू नका. सोसायटीच्या झाडावर मी ते केले; प्रत्येक फांदीला आवळलेल्या चिमट्यांतून वायर कापून काढायला दोन संध्याकाळी लागल्या आणि फरशीवर हिरवा कचरा एवढा झाला की सफाई करणाऱ्या मावशींनी मला दोन दिवस ओळख दाखवली नाही. त्याऐवजी तुमच्या झाडाच्या बाहेरच्या पिना असतील, तर मधल्या भागाची पिन सोडवून ठेवा आणि त्यावर नवी एलईडी माळ चढवा. जोडणी खांबाच्या आत असेल, तर ती तशीच राहू द्या, कारण ती तोडली की वरचा भागही जाईल. माळ झाडाभोवती गोल गुंडाळण्यापेक्षा खांबापासून फांदीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली, तर झाड आतून भरल्यासारखे दिसते. माळ दहा मीटरची असेल, तर मधल्या भागाला दोन पुरतात. पिवळसर पांढऱ्या रंगाची छटा जुन्याशी जुळेलच असे नाही; जुळत नसेल, तर सरळ रंगीत माळ घ्यावी, म्हणजे ती मुद्दाम लावल्यासारखी वाटते.

माळा ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतील. अडॅप्टर, पिना आणि आवळणारी नळी यांसाठी मी लॅमिंग्टन रोडला जातो. झाड ६ जानेवारीनंतर उतरवताना पिनांवर कोरडे कापड फिरवून, त्या प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह बांधून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी झाड डिसेंबरची वाट न पाहता दिवाळीच्या आठवडाभर आधी एकदा जोडून पाहा, कारण त्या दिवसांत बाजारात माळांचे ढीग असतात आणि सोल्डरिंग करणाऱ्याला तुमच्यासाठी वेळ असतो.