अ‍ॅक्सिलरेटरला अर्ज करण्याआधी

प्रिय मुली,

विद्यापीठातल्या अ‍ॅक्सिलरेटरला, म्हणजे नवउद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या कार्यक्रमाला, तुम्ही दोघांनी लिहिलेला अर्ज वाचला. दूध संस्थांचा हिशेब मोबाइलवर आणायची कल्पना मला मनापासून आवडली, आणि केनियातल्या किआंबूत वाढलेला वर्गमित्र भागीदार म्हणून मिळाला हे त्याहून चांगलं झालं. पण अर्जाची अर्धी पानं आफ्रिकेची तरुण लोकसंख्या आणि स्मार्टफोनचा प्रसार यात गेली आहेत. निवड समितीला ते तोंडपाठ असतं. किआंबूतल्याच गिथुंगुरीच्या दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र जेमतेम दोन ओळी आल्यात.

नैरोबी विद्यापीठाची सीफोरडीलॅब, स्ट्रॅथमोरचं आयबिझआफ्रिका, केन्याटा विद्यापीठातलं चंदारिया केंद्र, कुठेही गेलात तरी बसायला जागा, मार्गदर्शक आणि गुंतवणूकदारांपर्यंतची वाट मिळते. गुंतवणूकदारांसमोरच्या सादरीकरणात जीव अडकवू नका. विद्यापीठाची खरी ताकद प्रयोगशाळेत, पशुवैद्यक विभागाच्या प्राध्यापकांत आणि लेटरहेडमध्ये असते. दोन अनोळखी पोरांचा फोन दूध संस्थेचा सचिव घेईलच असं नाही. विभागाचं पत्र घेऊन गेलात तर निदान बसा म्हणेल. युगांडात, कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठाच्या ब्रायन गिट्टाने रक्त न काढता मलेरिया ओळखणारं ‘मातिबाबू’ हे उपकरण साथीदारांबरोबर तयार केलं. 2018 साली त्याला ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचा आफ्रिका पुरस्कार मिळाला. तरीही अशा उपकरणाची रुग्णांवर चाचणी व्हावीच लागते, आणि ती रुग्णालयाच्या साथीशिवाय होत नाही. अशी दारं उघडून घ्यायला विद्यापीठ हवं.

तेव्हा अर्ज पाठवण्याआधी पहाटे संकलन केंद्रावर जाऊन उभी राहा. बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून, कॅन उतरतात, दुधाची घनता बघायला लॅक्टोमीटर बुडतो, दूध मोजलं जातं, आकडा संस्थेच्या वहीत आणि शेतकऱ्याच्या कार्डावर चढतो. महिनाअखेरीस पेंडीची उधारी वजा होऊन पैसे हातात पडतात. भांडणं होतात ती बहुतेक या वजावटीवरून. तुमच्या आराखड्यात वजावटीचा रकानाच नाही! कोल्हापूर-सांगलीच्या डेअरीवर यंत्रातून पावती निघते ती तू पाहिलीस, तिथूनच तुला हे सुचलं, ते ठीक. पण तिकडे दर फॅटवर ठरतो, इकडे बहुतेक ठिकाणी लिटर-किलोवर. तिकडची पावती जशीच्या तशी इथे चालायची नाही. तुझ्या भागीदाराच्या आईला विचार, तिला कार्डावर काय दिसायला हवं ते. एमपेसाची, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेची, जोडणी त्यानंतर करा. ती सेवा चालवणाऱ्या सफारीकॉम कंपनीचं ‘दराजा’ हे जोडणीचं साधन त्यासाठी आहेच, ते तुला जड जाणार नाही.

आता करार. इथे मी हट्ट धरणार आहे. प्रवेश मिळाल्याच्या आनंदात सही करू नकोस. विद्यापीठाच्या संगणकावर, प्राध्यापकांच्या मदतीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरची मालकी कोणाची, हे प्रत्येक विद्यापीठाचं धोरण ठरवतं. ते लेखी मागून घे. दक्षिण आफ्रिकेत सरकारी पैशातून झालेल्या संशोधनासाठी 2008 चा कायदाच आहे: हक्क सर्वसाधारणपणे संस्थेकडे जातो, आणि शोध लावणाऱ्याला पहिल्या दहा लाख रँडच्या उत्पन्नात किमान 20 टक्के वाटा मिळतो. तो कायदा केनियाला लागू नाही, पण असा प्रश्न विचारणं रास्त आहे हे त्यावरून कळतं. भागभांडवलात वाटा मागितला तर किती, कशाच्या बदल्यात, आणि पुढचे पैसे उभे राहिल्यावर त्याचं काय होणार, हेही विचार. उत्तर द्यायला जे टाळाटाळ करतात, त्यांच्याकडे जाऊ नकोस.

शेतकऱ्यांचे फोन नंबर आणि जमा रकमा तुमच्याकडे येणार, म्हणजे केनियाचा 2019 चा डेटा संरक्षण कायदा तुम्हाला लागू होतो. विद्यापीठाच्या विधी विभागात कोणी असेल तर ते काम त्यांच्याकडूनच समजून घ्या, बाहेर वकील महाग पडतो.

आणि तुम्हा दोघांतली वाटणी. निम्मं-निम्मं म्हणालीस, माझी हरकत नाही. पण हिस्सा एकदम हातात न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळेल असं कागदावर घ्या. पदवीनंतर त्याला नोकरी लागली किंवा तू पुण्याला एमबीएला गेलीस, तर मागे राहिलेल्याने एकट्याने गाडा ओढायचा आणि निम्मी मालकी दुसऱ्याकडे, हे दोघांनाही जाचेल. मैत्री आहे तोवरच हे बोलणं सोपं जातं.

अर्ज नव्याने लिही आणि वजावटीच्या वादापासूनच सुरुवात कर. कराराचा मसुदा आला की आधी मला पाठव, आपण ओळ न् ओळ वाचू.

तुझी,
मावशी