स्क्वॅटसाठी बूट: आधी घोटा तपासा, मग टाच ठरवा

प्रश्न: मी धावण्याच्या बुटांतच स्क्वॅट करतो. वजन वाढवलं की वर येताना पाय डगमगतात, गुडघे आत येतात. बूट बदलू का?

बदला. धावण्याच्या बुटातला फोम पावलागणिक बसणारा धक्का झेलण्यासाठी असतो. खांद्यावर जड बार आला की तो दबतो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. तळव्याच्या आतल्या कडेखाली जास्त दबला तर घोटा आत कलतो, त्यामागे गुडघाही जातो. नवा बूट घेताना टाचेजवळ सोलच्या बाजूला अंगठ्याने जोरात दाबून पाहा. खळगा पडला तर तो बूट स्क्वॅटच्या कामाचा नाही.

पण खरेदीआधी नुसत्या बारवर, अनवाणी, कोरड्या जमिनीवर पाच स्क्वॅट काढा. गुडघे तेव्हाही आत येत असतील तर दोष बुटांच्या माथी मारू नका. वजन उतरवा आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच जाईल याकडे लक्ष द्या.

प्रश्न: उंच टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट घ्यावेत की सपाट सोलचे? जिममध्ये जो तो वेगळं सांगतो.

सांगणाऱ्यांचे घोटे वेगळे, म्हणून सल्लेही वेगळे. तुमचा घोटा असा तपासा: अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभे राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. दोन्ही पाय वेगवेगळे पाहा, कारण एखाद्या पायाला जुनी मुरगळ असेल तर फरक लगेच कळतो. गुडघा सहज टेकला तर घोटा तुम्हाला अडवत नाही. टाच सुटत असेल तर खोल बसताना एक तर ती उचलली जाणार किंवा पाठ पुढे झुकणार. उंच टाचेचा उपयोग इथे होतो.

या बुटांत टाच चवड्यापेक्षा साधारण 15 ते 22 मिलिमीटर उंच असते. 20 च्या आसपासची जास्त आढळते. टाच वर असल्याने घोटा फार न वाकवता नडगी पुढे जाते, धड सरळ राहतं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर भार वाढतो. फ्रंट स्क्वॅट (बार छातीवर, खांद्यांच्या पुढे), हाय-बार स्क्वॅट (बार मानेखाली, खांद्यांवर), आणि जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर नेणारा स्नॅच किंवा खांद्यांपर्यंत आणणारा क्लीन, यांना हे मानवतं. मांड्या लांब असणाऱ्यांनाही बरं पडतं. लो-बारमध्ये (बार पाठीवर थोडा खाली) नितंब मागे जातात आणि नडगी कमी झुकते, त्यामुळे तिथे कडक, सपाट सोलवरही काम भागतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर मात्र जपून, कारण टाचेमुळे पाठीचा भार थोडा घटतो तसा गुडघ्याचा वाढतो.

नवे बूट घातल्यावर तोल बदलतो. पहिले काही दिवस नेहमीच्या वजनातून 10 ते 15 टक्के कमी करा. आणि घोट्याचा व्यायाम सोडू नका. टाच ताठरपणा झाकते, घालवत नाही.

प्रश्न: तोवर टाचांखाली वजनाच्या प्लेट ठेवल्या तर?

हलक्या गॉब्लेट स्क्वॅटला (एक वजन छातीशी धरून केलेला स्क्वॅट) चालेल. जड बारखाली नको. प्लेट सरकू शकते, शिवाय टाच प्लेटवर आणि चवडा जमिनीवर राहिल्याने तळव्याचा मधला भाग अधांतरी राहतो. पूर्ण तळवा मावेल अशी, न घसरणारी उतरती पाचर त्यापेक्षा बरी.

प्रश्न: उंच टाचेच्या बुटांतच डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) करू का?

नको. पाय जितका जमिनीपासून वर, तितका बार जास्त अंतर ओढावा लागतो, आणि उंच टाच भार चवड्याकडे ढकलते. पातळ सोलचे कॅनव्हास बूट किंवा डेडलिफ्टच्या चपट्या स्लिपर वापरा. सुमो डेडलिफ्टमध्ये (पाय खूप फाकवून केलेली) पाय बाहेरच्या बाजूला रेटले जातात, म्हणून तिथे सोलची पकड आधी पाहा. नुसत्या मोज्यांवर सुमो करू नका.

प्रश्न: माप कसं घ्यावं?

संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. व्यायामाचेच मोजे घाला. धावण्याच्या बुटांत बोटांपुढे अंगठाभर जागा ठेवतात. इथे अर्धा सेंटिमीटर पुरे. बोटं पसरता आली पाहिजेत, टाच मात्र जराही उचलली जाता कामा नये. चामडं थोडं सैलावतं, कृत्रिम कापड फारसं नाही, तेव्हा ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर आवळ जोडी घेऊ नका. घालताना टाच मागे ठोकून बसवा, नाडी बोटांकडे सैल आणि पायाच्या उंचवट्यावर घट्ट बांधा, पट्टा शेवटी आवळा. पट्ट्याने मुंग्या येत असतील तर तो जास्त आवळला आहे. जोडी सपाट टेबलावर ठेवून मागूनही पाहा. टाच एका बाजूला कललेली दिसली तर दुसरी जोडी मागा.

प्रश्न: स्क्वॅट, बॉक्स जंप आणि थोडं धावणं, सगळ्याला एकच जोडी हवी.

मग क्रॉस-ट्रेनिंगचे बूट घ्या: टाचेखाली कडक, चवड्याशी लवचिक, उंचीतला फरक 4 मिलिमीटरच्या आसपास. फार जड स्क्वॅटला ते थोडे कमी पडतील. उंच टाचेच्या बुटांत मात्र धावू नका. त्यांचा सोल जेमतेम वाकतो आणि टाच धक्का अजिबात शोषत नाही.