डम्प फाइल कोणाकडे बोट दाखवते?

संगणक चालता चालता थांबतो, ब्लू स्क्रीन येते आणि थोड्या वेळाने तो आपोआप पुन्हा सुरू होतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत २०२५ पासून हा पडदा निळ्याऐवजी काळा दिसतो, पण आतली यंत्रणा तीच आहे. थांबण्याच्या क्षणी स्मृतीत काय होते याची नोंद विंडोज डिस्कवर लिहून ठेवते आणि तिला मेमरी डम्प म्हणतात. ही नोंद वाचताना कुठे चूक होते, हेच या वेळच्या बहुतेक पत्रांत विचारलेले आहे.

प्रश्न : माझ्या करसल्लागार कार्यालयातील संगणक आठवड्यातून दोन-तीनदा ब्लू स्क्रीन देऊन बंद पडतो. डम्प वाचणाऱ्या एका छोट्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दर वेळी ‘एनटीओएसकर्नेल’ ही फाइल दोषी दिसते. दुरुस्तीवाल्याने त्यावरून विंडोज खराब झाल्याचे सांगून दोनदा नवे विंडोज टाकून दिले, तरीही फरक पडलेला नाही. आता काय करावे? (सांगली)

उत्तर : तिसऱ्यांदा विंडोज टाकू नका. एनटीओएसकर्नेल म्हणजे विंडोजचा गाभा. गाभ्याच्या पातळीवर काही विपरीत घडल्याचे लक्षात आल्यावर संगणक मुद्दाम थांबवणारे फंक्शन याच फाइलीत असते, त्यामुळे जवळपास प्रत्येक डम्पमध्ये तिचे नाव येणारच. पंचनाम्यावर हवालदाराची सही असते म्हणून चोरीचा आळ हवालदारावर येत नाही, तसेच हे आहे. छोटी सॉफ्टवेअरे पुष्कळदा थांबण्याचा पत्ता ज्या फाइलीत पडतो तिचे नाव छापतात, आणि वाचणारा त्यालाच निदान समजतो.

त्याऐवजी मायक्रोसॉफ्टचा मोफत डीबगर विनडीबग वापरा. तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेता येतो. इंटरनेट चालू ठेवून सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातल्या मिनीडम्प (छोटा डम्प) या उपफोल्डरातील फाइल त्यात उघडली आणि समोर येणाऱ्या ‘अ‍ॅनालाइझ’ या दुव्यावर क्लिक केले, की तो सिम्बॉल फाइली उतरवून घेऊन नुसत्या आकड्यांच्या जागी फंक्शनांची नावे दाखवतो. सिम्बॉल न मिळाल्यास पुढचे सारे वाचन फसवे ठरते, म्हणून त्याबाबतची तक्रार पडद्यावर दिसते का, हे आधी पाहावे.

यानंतर स्टॅक पाहा. कोणत्या फंक्शनाने कोणाला बोलावले याची ती उतरंड असते. सर्वांत वर गाभ्याचीच फंक्शने दिसतील. खाली येताना मायक्रोसॉफ्टबाहेरचा जो पहिला ड्रायव्हर (एखादे उपकरण किंवा सोय चालवणारा, गाभ्याच्या पातळीवरचा प्रोग्राम) लागतो, संशय तिथून सुरू करावा. अँटीव्हायरस, व्हीपीएन, वाय-फाय आणि ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर अशा ठिकाणी वारंवार भेटतात. ड्रायव्हर किती जुना आहे हे त्याच्या तपशिलातील तारखेवरून कळते. मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या आजच्या फाइलींवरील तारखा पुष्कळदा निरर्थक असतात, त्यांच्यावरून काही ठरवू नये. नवे विंडोज टाकूनही त्रास थांबला नाही, याचे एक सरळ कारण असू शकते: प्रत्येक वेळी त्याच पेनड्राइव्हमधून तेच जुने ड्रायव्हर आणि तोच अँटीव्हायरस पुन्हा बसवला गेला असेल.

स्टॅकमध्ये बाहेरचे एकही नाव सापडले नाही तर विंडोजमधलाच ड्रायव्हर व्हेरिफायर फक्त बाहेरच्या ड्रायव्हरांवर लावून एक-दोन दिवस काम करावे. तो ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण देतो आणि चुकणाऱ्याला चूक करतानाच पकडतो. त्याआधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवावा आणि सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर विंडोज सुरू होण्याच्या पद्धतीत) कसे जायचे हे पाहून ठेवावे, कारण दोषी ड्रायव्हर सुरुवातीलाच चालू होणारा असेल तर संगणक वर येण्याआधीच पुन्हा पुन्हा बंद पडेल आणि व्हेरिफायर सेफ मोडमधूनच काढावा लागेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. सहा महिन्यांपूर्वी सुटे भाग आणून संगणक जोडला. आतापर्यंत सात मिनीडम्प जमले आहेत, पण ब्लू स्क्रीनवरचा कोड दर वेळी वेगळा येतो: कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन’. एकदा ब्राउझर चालू होता, एकदा खेळ, एकदा तर काहीच चालू नव्हते. यातला कोणता ड्रायव्हर दोषी मानायचा? (पुणे)

उत्तर : बहुधा एकही नाही. तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट कोडमध्ये नाही, ती ‘दर वेळी वेगळा’ या शब्दांत आहे. ड्रायव्हरमधली चूक म्हणजे लिहिलेल्या सूचनांमधली चूक. ती एका ठरावीक जागी असते, त्यामुळे तिचे डम्प एकमेकांसारखे निघतात. रॅमची पट्टी एखाद्या ठिकाणी बिट (० किंवा १) धरून ठेवू शकत नसेल, तर त्या जागी ज्या वेळी ज्याचा मजकूर असेल त्याचा बळी जातो. आज ब्राउझर, उद्या ग्राफिक्स ड्रायव्हर, परवा फाइल सिस्टिम. म्हणून एकटा डम्प वाचून निकाल देणे मला मान्य नाही. सातही डम्प शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांच्यात सारखे काय आहे ते शोधावे.

तुमच्या डम्पमध्ये आणखी एक खूण सापडू शकते. ‘मेमरी मॅनेजमेंट’ कोडच्या पुढे चार पॅरामीटर असतात. पहिला ४१७९२ असेल तर त्याचा अर्थ स्मृतीच्या पानांची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात बिघडलेली नोंद सापडली, आणि पुढच्या पॅरामीटरांत ती नोंदच छापलेली असते. नोंद पूर्ण शून्य असायला हवी होती आणि तिच्यात एकच बिट १ झालेला दिसतो, असे आढळले तर रॅमवरचा संशय फार बळावतो. ड्रायव्हर जेव्हा दुसऱ्याच्या जागेत लिहितो तेव्हा तो सहसा पूर्ण आकडा किंवा आकड्यांचा पट्टा बिघडवतो. नेमका एक बिट उलटणे हे जास्त करून हार्डवेअरचे लक्षण असते. विनडीबगही कधी कधी आपल्या निष्कर्षात ‘एक बिट बिघडला’ असेच लिहितो.

आता कृती. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी ही सोय आधी बंद करा. खोक्यावर छापलेला वेग ही त्या पट्टीची क्षमता असते. तुमचा प्रोसेसर आणि मदरबोर्ड तो वेग पेलतीलच असे नाही, आणि नव्याने जोडलेल्या संगणकांत त्रासाचे मूळ बऱ्याचदा इथेच असते. त्यानंतर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करा आणि रात्रभर निदान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर ती ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नये. मग एकेक पट्टी एकटी, त्याच खाचेत बसवून तपासावी, म्हणजे पट्टी वाईट की खाच वाईट हे वेगळे करता येते.

माझ्या ओळखीच्या एका छपाई कार्यालयात असाच संगणक होता. पहिल्या डम्पमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचे नाव आले म्हणून मी तो बदलला, दुसऱ्यात नेटवर्कचे आले म्हणून तोही बदलला, आणि दोन आठवडे असे गेल्यावर रॅम तपासली. पहिल्याच फेरीत लाल ओळी आल्या. ते दोन आठवडे त्या माणसांच्या कामातून गेले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणूनच हे इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

प्रश्न : १९ जुलै २०२४ रोजी आमच्या कंपनीतील शेकडो संगणक एकाच सकाळी बंद पडले. त्या वेळी डम्पमधून कारण कळले होते का? (नवी मुंबई)

उत्तर : कळले होते, पण अर्धे. क्राउडस्ट्राइक कंपनीने त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक माहितीची फाइल पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. पुढे मायक्रोसॉफ्टने डम्पचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात ‘सीएसएजंट’ हा ड्रायव्हर चुकीच्या पत्त्यावरून वाचायला गेल्याचे स्पष्ट दिसते. वरच्या पुण्याच्या पत्राशी याची तुलना करून पाहा. तिथे एकाच संगणकाचे सात डम्प सात गोष्टी सांगत होते. इथे जगभरातले संगणक एकच ड्रायव्हर दाखवत होते. सॉफ्टवेअरमधल्या चुकीचा याहून स्पष्ट नमुना मला माहीत नाही.

तरीही ड्रायव्हर त्या दिवशी बदललेलाच नव्हता. माहितीच्या साच्यात २१ घटक ठरलेले होते, ड्रायव्हरमधल्या सूचना २०च पुरवत होत्या, आणि नवी फाइल आल्यावर एकविसावा शोधताना तो यादीच्या हद्दीबाहेर गेला. डम्पने जागा अचूक दाखवली, पण ही विसंगती तिथवर कशी आली हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनाच त्यांच्या मूळ संहितेतून शोधावे लागले. तुमच्या व्यवस्थापकांनी सेफ मोडमध्ये जाऊन ज्या फाइली हाताने पुसल्या असतील, त्या ड्रायव्हरच्या नव्हे तर या माहितीच्याच होत्या.

प्रश्न : आमच्या शाळेतील संगणक अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पण मिनीडम्प फोल्डर रिकामे आहे. सेटिंग बरोबर असूनही डम्प का तयार होत नाही? (नांदेड)

उत्तर : आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद शोधा आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा कोड) काय आहे ते पाहा. कोड शून्य असेल तर विंडोजला थांबायची संधीच मिळालेली नाही. वीज गेली, व्होल्टेज खाली आले, एसएमपीएसने (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाने) दगा दिला किंवा संगणक पूर्ण गोठून कोणी बटण दाबून बंद केला, यांपैकी काही घडले असणार, आणि तिथे डम्प शोधण्यात अर्थ नाही. दुसऱ्या वर्गातील चांगला एसएमपीएस आठवडाभर लावून पाहावा. यूपीएसची बॅटरी थकली आहे का, तेही पाहावे.

कोड शून्य नसेल तर प्रश्न डम्प लिहिण्याचा आहे. कोसळलेल्या अवस्थेत फाइल सिस्टिमवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून विंडोज डम्प आधी पेजफाइलच्या (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेल्या फाइलीच्या) जागेत उतरवते आणि पुढच्या वेळी सुरू होताना तिथून खरी फाइल बनवते. जागा वाचवण्यासाठी कोणी पेजफाइल बंद केली असेल, तर नेहमीच्या व्यवस्थेत डम्प उतरवायला जागाच उरत नाही. सी ड्राइव्हवर २५ जीबीहून कमी मोकळी जागा असल्यास, डोमेनमध्ये (संस्थेच्या सामायिक नेटवर्क-व्यवस्थेत) नसलेल्या संगणकांवर मोठी डम्प फाइल तयार होऊनही ठेवली जात नाही. ‘संगणक स्वच्छ करणारी’ सॉफ्टवेअरे या फाइली कचरा समजून पुसतात. हे सगळे ठीक असूनही काही लिहिले जात नसेल, तर एसएसडीच त्या क्षणी नाहीशी होत असेल, असा संशय घ्यावा.

प्रश्न : लॅपटॉप झाकण मिटून ठेवला की काही वेळाने ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ येते. (रत्नागिरी)

उत्तर : झोपताना किंवा जागे होताना प्रत्येक उपकरणाला विजेची अवस्था बदलण्याची विनंती जाते, आणि कोणीतरी ती ठरलेल्या वेळेत पूर्ण करत नाही, असा याचा अर्थ. पहिला पॅरामीटर ३ असेल तर चौथ्यात त्या अडकलेल्या विनंतीचा पत्ता असतो. विनडीबगमध्ये ‘आयआरपी’ आज्ञेला तो पत्ता दिला की विनंती कोणत्या ड्रायव्हरपाशी अडली ते दिसते. मिनीडम्पमध्ये पुरेशी माहिती नसेल तर विंडोज फोल्डरातील ‘मेमरी’ नावाची मोठी डम्प फाइल घ्यावी. ती पुढच्या वेळी पुसून लिहिली जाते, म्हणून लगेच दुसरीकडे नकलून ठेवा.

प्रश्न : मी पतसंस्थेत संगणक विभाग पाहतो. विक्रेता पूर्ण डम्प ईमेलने मागतो. पाठवावा का? (कराड)

उत्तर : पूर्ण डम्प पाठवू नये. त्यात त्या क्षणीची सगळी रॅम असते, म्हणजे उघडलेली खाती, सभासदांचे क्रमांक, कदाचित पासवर्डसुद्धा. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक डिजिटल सही करण्याची किल्ली चोरीला गेली, तेव्हा ती २०२१ च्या एका क्रॅश डम्पमधून निसटली असावी असे कंपनीने प्रथम म्हटले. मार्च २०२४ मध्ये तसा डम्प प्रत्यक्ष सापडला नसल्याचे तिने स्पष्ट केले. पण शंकेची सुई डम्पकडे वळली, यातच त्यात काय असू शकते हे कळते. मिनीडम्पमध्ये कोड, ड्रायव्हरांची यादी आणि थांबलेल्या धाग्याचा (थ्रेडचा) स्टॅक एवढेच मुख्यतः असते, आणि पहिल्या निदानाला ते पुरते. तेवढ्याने भागत नसेल तर कर्नेल डम्प द्यावा. त्यात चालू प्रोग्रामांची स्वतःची स्मृती घेतलेली नसते, तरी गाभ्याकडे असलेला मजकूर असतोच. तो पासवर्ड लावून बंद केलेल्या फाइलीत, लेखी गोपनीयता घेऊनच द्यावा, आणि पासवर्ड ईमेलने न पाठवता फोनवर सांगावा.