प्राचीन रोममधली सामान्य माणसं घरी स्वयंपाक करायची का?

बरीचशी नाहीच. रोम शहरात गरीब लोक चार-पाच मजली, चाळवजा इमारतींत भाड्याने राहत. वरच्या खोल्यांत बहुधा स्वयंपाकघरच नसे, पाणी खालून वाहून आणायचं, आणि आगीची धास्ती कायमची. मग गरम जेवण बाहेरून.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात अशी तयार जेवणाची दुकानं पुष्कळ सापडलीत: रस्त्याकडे तोंड केलेला बांधीव ओटा आणि त्यात पक्के बसवलेले रांजण. २०२० साली उजेडात आलेल्या एका ओट्यावर कोंबडा आणि बदकं रंगवलेली आहेत, मेनूकार्डच म्हणा ना! तिथल्या भांड्यांत बदक, डुक्कर, मासे, चक्क गोगलगायींचेही अवशेष मिळाले. श्रीमंतांकडे मात्र स्वयंपाकघर असे, आणि त्यात राबायला गुलाम.