अनित्य कळतं, तरी रडू थांबत नाही

घरातलं माणूस गेल्यावर काही महिन्यांनी समुपदेशनाला येणाऱ्या बौद्ध कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो. रोज वंदना होते, सगळं अनित्य आहे हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, मग अजून रडू का येतं? दुःख तर असतंच, त्यावर या प्रश्नाची लाज चढलेली असते. आणि पुष्कळदा माणूस झोपतो-जेवतो की नाही हे ठरतं ते त्या लाजेवर.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावच्या अंगणवाडी सेविका. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) 24 वर्षांचा मुलगा दुचाकीच्या अपघातात गेला, त्याला 7 महिने झाले होते. अंत्यविधीला ‘अनिच्चा वत सङ्खारा’ (घडलेलं सगळं अनित्यच) म्हटलं तेव्हा ताईंनीही सगळ्यांबरोबर म्हटलं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या शोकसभेला, बरीच भाषणं झाली, जवळपास प्रत्येकात किसा गौतमी होती, गेलेल्या मुलासाठी औषध मागत फिरलेली आणि बुद्धांनी मोहरी आणायला पाठवलेली आई. पुढे घरी भेटायला येणारेही तीच गोष्ट सांगत आणि शेवटी म्हणत, "आता सावरा." ताई मान हलवत आणि न्हाणीघरात नळ सोडून रडत. झोप जेमतेम तीन तास. नवरा मुलाचं नावही काढत नव्हता. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "मॅडम, मले धम्म समजलाच नाही का?"

हा प्रश्न मानसशास्त्राच्या उत्तराने सुटत नाही. ताईंचा विश्वास ग्रंथांवर होता, म्हणून उत्तरही तिथूनच काढावं लागलं.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांवरच्या महापरिनिब्बान सुत्तात कुसिनारेचा प्रसंग आहे. बुद्ध आता जाणार हे कळल्यावर त्यांचा शिष्य आनंद विहारात शिरून दाराच्या आधाराने रडत उभा राहतो. हा आनंद पंचवीस वर्षं बुद्धांच्या सेवेत राहिलेला, स्रोतापन्न झालेला (मुक्तीच्या वाटेवरची पहिली पायरी गाठलेला), त्यांची प्रवचनं तोंडपाठ असलेला. बुद्ध त्याला बोलावून घेतात, शोक करू नकोस म्हणतात, प्रिय ते सगळं दुरावणारच हेही सांगतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. तू इतका काळ मैत्रीभावाने माझी सेवा केलीस, असं म्हणून भिक्षूंसमोर त्याचे गुण सांगतात. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोन प्रमुख शिष्य गेल्यावर ही परिषद मला रिकामी भासते, असं बुद्धांनी म्हटल्याचं संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात आहे. ते शोकाने व्याकूळ नव्हते, हेही तिथेच आहे. पोकळी मात्र त्यांनी बोलून दाखवली.

ताईंना याहून जवळचं वाटलं ते बाबासाहेबांचं पत्र. 1926 मध्ये मुलगा राजरत्न गेल्यावर त्यांनी मित्राला लिहिलं होतं की मुलाच्या मृत्यूच्या धक्क्यातून आम्ही दोघं सावरलो आहोत असं सोंग आणण्यात अर्थ नाही, आणि कधी सावरू असंही वाटत नाही. चार मुलं गेली होती, तीन मुलगे आणि एक मुलगी. पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. हे ऐकल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे कोणी सांगत नाही."

उलट बाजूही लपवायची नसते. सुत्तनिपातातलं सल्ल सुत्त स्पष्ट म्हणतं की रडून मनाला शांती मिळत नाही, माणूस फक्त वाळतो आणि निस्तेज होतो. हे खोटं नाही. प्रश्न आहे तो कुणाला, कधी आणि कसं सांगायचं याचा, आणि याचंही उदाहरण ग्रंथातच सापडतं. मज्झिम निकायातल्या पियजातिक सुत्तात एकुलता एक मुलगा गेलेला गृहस्थ स्मशानात ‘कुठे आहेस रे बाळा’ म्हणत फिरतो आणि नंतर बुद्धांकडे येतो. प्रियांपासूनच शोक उपजतो, असं ते त्याला सांगतात. त्याला ते पटत नाही. प्रियांपासून तर आनंद मिळतो, असं म्हणून तो उठतो आणि जवळच जुगार खेळणाऱ्यांकडे जातो. ते त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतात, म्हणून त्याला बरं वाटतं. वाक्य खरं, सांगणारे साक्षात बुद्ध, तरी ताज्या शोकात ते आत गेलं नाही. शोकसभेत भाषण करणाऱ्यांनी आधी हे सुत्त वाचावं, असं मनापासून वाटतं.

आता किसा गौतमी. थेरीगाथा या भिक्षुणींच्या गाथासंग्रहातल्या तिच्या गाथांत मोहरी नाही, ती कथा अट्ठकथेत, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथात येते. लोक तिला वेडी म्हणतात. एक शहाणा माणूस ओळखतो की हिचं पहिलंच मूल गेलंय, हिने मरण याआधी पाहिलेलं नाही. तो वाद घालत नाही. औषध मला माहीत नाही, पण ज्यांना माहीत आहे ते कुठे आहेत हे सांगतो, एवढंच म्हणतो. बुद्धही तिला ‘सगळेच मरतात’ असं सांगत नाहीत. चिमूटभर मोहरी आण, पण जिथे कुणी मेलेलं नाही अशा घरातून, असं काम देतात. ती श्रावस्तीची घरं हिंडते. प्रत्येक दारात मोहरी असते आणि प्रत्येक दारात एक गेलेलं माणूसही. जिवंत थोडे आणि गेलेलेच फार, हे तिला लोकांच्या तोंडून कळतं. पायांनी चालून, कानांनी ऐकून. ताईंना मिळाला होता तो या गोष्टीचा फक्त शेवट, तोही दुसऱ्यांनी चालून आणलेला.

म्हणून कामाचा क्रम ठरवला, आणि तो पटाचारेच्या कथेवरून. नवरा, दोन मुलं, आईवडील, भाऊ सगळं एकदम गमावलेली ती बाई विवस्त्र, भान हरपून येते. लोक तिला अडवतात, बुद्ध अडवू नका म्हणतात. आधी ‘भगिनी, भानावर ये’ असं म्हणतात, कुणी तरी तिच्या अंगावर वस्त्र टाकतं, ती बोलते, आणि उपदेश त्यानंतर येतो.

ताईंच्या बाबतीत पहिले तीन आठवडे फक्त झोप आणि जेवण. मनोविकारतज्ज्ञांकडे एकदा पाठवलं, त्यांनी अल्पकाळासाठी झोपेचं औषध दिलं. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत. आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, रोज पाचच मिनिटं, डोळे उघडे ठेवून. डोळे मिटले की अपघाताचं दृश्य येत असेल तर मिटायचा आग्रह धरू नये. नातेवाइकांचा सल्ला होता की दहा दिवस इगतपुरीला विपश्यना शिबिराला जाऊन ये. शिबिर चांगलंच असतं, पण झोप उडालेली असताना, शोक ताजा असताना दहा दिवसांचं मौन अनेकांना झेपत नाही. अर्जात मानसिक त्रास आणि औषधांबद्दल विचारतात तिथे खरं लिहावं, आणि शिबिरासाठी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

ताई रोज रात्री मुलाच्या मृत्यूचं स्मरण करत होत्या. त्यांच्या मते ती मरणानुस्मृती, म्हणजे मरणाच्या स्मरणाची साधना होती. ही चूक फार जण करतात. विसुद्धिमग्ग या साधनेच्या जुन्या ग्रंथात नेमका याच बाबतीत इशारा आहे. प्रिय माणसाच्या मरणाचं स्मरण केलं तर शोकच उपजतो, आणि तिथे दिलेलं उदाहरण आहे लाडक्या मुलाचं मरण आठवणाऱ्या जन्मदात्या आईचं. म्हणजे ताई करत होत्या ते या साधनेत बसतच नव्हतं. अंगुत्तर निकायातली रोजच्या चिंतनाची पाच वाक्यंही ‘मी’पासून सुरू होतात: मी जराधर्मी, मी व्याधिधर्मी, मी मरणधर्मी (म्हातारपण, आजार, मरण मला अटळ). प्रियांपासून ताटातूट हे चौथं. ताईंनी पहिली तीनच म्हणायची असं ठरलं, दिवसातून एकदा, सकाळी. चौथं पुढे कधीतरी. मैत्रीभावनेचंही, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाचंही तसंच. ध्यान म्हणून ती मृत व्यक्तीवर करू नये, असं विसुद्धिमग्गच सांगतो. सुरुवात स्वतःपासून.

झोप पाच तासांवर आल्यावर वही आली. संयुत्त निकायातल्या सल्लत्थ सुत्तात दोन बाण आहेत: पहिला लागलेल्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मन जे रडगाणं रचतं त्याचा. पानावर मधोमध रेघ, रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून. ताईंच्या डाव्या रकान्यातली एक नोंद: ‘साडेसातला फाटक वाजलं, छातीत धस्स झालं, दूधवाला होता.’ उजवीकडे: ‘मी त्या दिवशी थांब म्हटलं असतं तर. मीच पाठवलं. सात महिने झाले, अजून रडतो, मी कच्ची.’ इथे होणारी गडबड अशी की माणसं आठवणच उजव्या रकान्यात टाकतात, जणू आठवण येणं हाच गुन्हा. आठवण, हुंदका, छातीतली कळ हे सगळं डावीकडे. त्याच्याशी भांडायचं नाही, ते येतं आणि उतरतं. उजवीकडच्या एकेका वाक्याला मात्र विचारायचं: हे घडलं, की मी जोडलं? दहा मिनिटं झाली की वही बंद. जास्त वेळ लिहिलं तर उजवा रकानाच वाढत जातो.

मुलाच्या मोबाइलचा विषय वहीतूनच निघाला. ताई दर महिन्याला त्याच्या नंबरचं रिचार्ज करत होत्या, व्हॉट्सॲपवरचा त्याचा फोटो आणि आवाज जाऊ नये म्हणून. नवऱ्याला हे माहीतच नव्हतं. ‘बंद करा, आसक्ती सोडा’ असं सांगणं सोपं होतं. पण रिचार्ज थांबलं की काही काळाने नंबर बंद होतो, पुढे तो दुसऱ्याला दिला जातो, आणि एक दिवस त्या नावापुढे परक्या माणसाचा फोटो दिसतो. तो धक्का टाळता येतो. भाचीने आवाजाचे सगळे संदेश आणि फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, एक प्रत ताईंच्या फोनमध्ये ठेवली, सगळं उघडतंय हे तपासलं. कुठल्या खात्यांचे ओटीपी त्या नंबरवर येतात तेही पाहिलं. रिचार्ज कधी थांबवायचं ते नवरा-बायकोने मिळून ठरवावं, एवढंच सुचवलं. या निमित्ताने मुलाचा आवाज त्यांनी पहिल्यांदा एकत्र बसून ऐकला, आणि नवरा त्या दिवशी बोलला.

मग मोहरी. आठवड्याला एकच घर, अर्ध्या तासाहून जास्त नाही, आणि तिथला मृत्यू वर्षभरापेक्षा जुना हवा. ताज्या शोकाच्या घरी गेलं तर दोन्ही बायका बुडतात. सांत्वन करायचं नाही, स्वतःची कहाणी आधी सांगायची नाही. फक्त विचारायचं, "तुमच्याकडचं कोण गेलं? कसं होतं ते माणूस?" ताई चार घरी गेल्या. दोन गल्ल्या पलीकडच्या म्हाताऱ्या मावशींची मुलगी दोन वर्षांची असताना तापाने गेली होती, चाळीस वर्षांपूर्वी. मावशींनी तिचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या की हे नाव तोंडातून काढायला इतक्या वर्षांत कुणी लावलं नव्हतं. ताई त्या घरासमोरून रोज अंगणवाडीत जात होत्या.

शोकाला मुदत नसते, तरी काही खुणा पाहाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतरही ओढ तितकीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं ठप्प असेल तर त्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हणतात. अमेरिकी पद्धतीत प्रौढांसाठी हीच मुदत वर्षाची आहे. दोन्हींत समाजाच्या रीतीही ध्यानात घेतात. ‘त्याच्याकडे जावंसं वाटतं’ असं कुणी म्हणालं तर सरळ विचारावं: म्हणजे जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

ताईंच्या मुलाचा प्रथम स्मृतिदिन जवळ आला तेव्हा भीती पुन्हा भाषणांचीच होती. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारलेलं आहे, त्यामुळे त्या दिवसाला काय करायचं हे कुटुंबालाच ठरवता येतं. त्रिशरण, पंचशील, परित्राण पाठ (रक्षणासाठी म्हणायची सुत्तं), भंतेजींना (भिक्षूंना) दान, अंगणवाडीच्या मुलांना वह्या, सगळं मिळून दीड तास. बोलणारे तिघंच, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि त्यांना आधीच निरोप दिला: अनित्यतेवर बोलू नका, त्याची एखादी खरी आठवण सांगा. रडू आलं तर ताईंनी उठून आत जायचं नाही, धाकटी जाऊ शेजारी बसेल. असा दिवस गर्दीत निघून जातो, जड जातात ते पुढचे दोन, म्हणून बहिणीला दुसऱ्या दिवसापासून मुक्कामाला बोलावलं, आदल्या दिवशी नाही.