चेंडू वर गेला, पण उडी मारायला कुणी नव्हतं

"सलाम ताई. जरा ह्याच्याशी बोला. दिवसरात्र ती जपानी कार्टून बघतो आणि चर्चमधल्या एकाशीही पटत नाही ह्याचं." पुण्यातल्या घोरपडीहून माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या आईनं खुर्चीत टेकायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. शेजारी 19 वर्षांचा मुलगा, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, नजर मोबाइलमध्ये. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हे गाऱ्हाणं माझ्याकडं वरचेवर येतं. ख्रिस्ती घरांत त्याला आणखी एक शेपूट असतं: "त्यात भुतंखेतं असतात म्हणे, विश्वासावर परिणाम होईल का?" अॅनिमेमुळं, म्हणजे ह्या जपानी कार्टूनमुळं, मूल माणसांतून उठलं, असं आईवडिलांना वाटतं. मी पाहिलेल्या मुलांत बऱ्याचदा उलटं घडलेलं असतं. माणसांत काहीतरी बिनसतं, आणि मग पडदा बरा वाटायला लागतो.

आईला बाहेर बसवलं आणि पहिल्याच भेटीत एक चूक केली. चर्चच्या तरुण संघात ह्याचं भांडण झालंय एवढं कळलं होतं, म्हणून मी थेट बायबलमधलं 1 करिंथ 12 काढलं. शरीर एक, अवयव पुष्कळ, डोळा हाताला 'तुझी गरज नाही' असं म्हणू शकत नाही. तो शांतपणे म्हणाला, "आंटी, ह्या अध्यायाच्या पाठांतराला मला संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळालंय."

उरलेली वीस मिनिटं आम्ही पंख्याचा आवाज ऐकला.

दुसऱ्या भेटीत मोबाइलच्या स्क्रीनवरचं चित्र दिसलं. नारिंगी केसांचा एक पोरगा हवेत उडालेला. "हा कोण?" एवढंच विचारलं, आणि आदल्या आठवड्यात तीन वाक्यं न बोललेला मुलगा पाऊण तास बोलला. ती 'हायक्यू' नावाची मालिका. हारुइची फुरुदाते यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2012 ते 2020 अशी चालली, 45 खंड झाले. अॅनिमे 2014 मध्ये आलं. विषय काय, तर शाळेतलं व्हॉलीबॉल. भूत नाही, खेत नाही. घरी जाऊन मी पहिला सीझन बघितला. नवरा दोन दिवस माझ्याकडं संशयानं बघत होता.

त्यात कागेयामा नावाचा सेटर आहे. सेटर म्हणजे फटका मारणाऱ्यासाठी चेंडू वर उचलून देणारा. हात सोन्याचा, स्वभाव तिखट. 'कोर्टाचा राजा' म्हणायचे त्याला, आणि ते कौतुकानं नव्हे. सोबत्यांना न झेपणारा वेग तो त्यांच्यावर लादायचा. एका सामन्यात तो चेंडू वर टाकतो, मागं वळून बघतो, तर उडी मारायला कुणीच आलेलं नसतं. चेंडू तसाच खाली पडतो.

हे सांगताना मुलगा थांबला. मग म्हणाला, "नोव्हेंबरमध्ये माझं असंच झालं."

ही गोष्ट आईलाही ठाऊक नव्हती. नाताळची गाणी म्हणणाऱ्या चर्चच्या कॅरल गटात कीबोर्ड हाच वाजवतो, आणि उत्तम वाजवतो. आदल्या नाताळात गाणी ह्यानंच निवडली, आवाज ह्यानंच वाटले आणि दोन दिवस आधी पट्टी बदलली. एका मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं, "जमत नसेल तर नुसते ओठ हलव." यंदाच्या पहिल्या तालमीला हा कीबोर्ड लावून बसला आणि कुणीच आलं नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेज सगळ्यांनी वाचला होता. साडेआठपर्यंत वाट बघून त्यानं वायरी गुंडाळल्या.

"मी प्रभूसाठीच करत होतो ना, आंटी?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. सेवेच्या नावाखाली सगळं एकट्यानं ओढणाऱ्याला चर्चमध्ये शाबासकी मिळते. प्रत्यक्षात तो इतरांवर भरवसा टाकायला घाबरत असतो. बायबलमधला इस्राएली लोकांचा पुढारी मोशेही सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणाला, हे बरं नाही. तूही थकशील, लोकही थकतील. सासऱ्यानं जावयाचं तोंडावर कौतुक केलं नाही, हे मला आवडतं.

पण मुलाला लागला तो प्रेषित पौल. पंफुल्या प्रांतात त्याचा सोबती मार्क प्रवास मध्येच सोडून गेला होता, म्हणून पुढच्या प्रवासाला त्याला घ्यायचं नाही, असं पौलानं ठरवलं. दुसरा सोबती बर्णबा ऐकेना. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये लिहिलंय की वाद इतका पेटला की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला, म्हणजे सायप्रसला, गेला, पौल सीलाला घेऊन निघाला. "हे कुणी शिकवलं नाही आम्हाला," मुलगा म्हणाला. मग मी 2 तीमथ्य 4:11 दाखवलं. तुरुंगातला पौल सांगतो की मार्काला बरोबर आण, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं, ते शास्त्र फारसं सांगत नाही.

व्हॉलीबॉलचा नियमही आम्ही पुष्कळ घोळवला. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये एकटा बॅट्समन सामना काढू शकतो. इथं एका बाजूला तीन स्पर्श, आणि ब्लॉक सोडला तर एकाच खेळाडूला सलग दोनदा चेंडू लावता येत नाही. कितीही गुणी असलास तरी पुढचा हात दुसऱ्याचाच. बोलता बोलता तोच म्हणाला, "आंटी, निशिनोया संघात सगळ्यात बुटका. लिबेरो आहे, म्हणजे फक्त बचावासाठीचा खेळाडू, त्याला वरून फटका मारायची परवानगीच नाही. पण तो नसला तर चेंडू उचलणार कोण? म्हणजे ते करिंथमधलंच की. अशक्त वाटणारा अवयव." बक्षीस मिळालं तेव्हा हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या सीझनमध्ये कागेयामाला त्याचा जुना सीनियर विचारतो, फटका मारणाऱ्याला हवा तसा चेंडू तू देतोयस का? गृहपाठ म्हणून मी तोच प्रश्न दिला. गटाची सामुदायिक माफी मागायची नाही. ती सोपी असते. एकेकाकडं जायचं आणि विचारायचं, तुला कुठली पट्टी सोयीची?

आईशी वेगळं बोलले. "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा," असं पौलच सांगतो, मग पारख करायला निदान एक भाग त्याच्याशेजारी बसून बघा. सगळीच अॅनिमे मुलांच्या डोळ्यांखाली घालण्यासारखी नसतात, हेही सांगितलं. रात्री दोनपर्यंत जागण्याबद्दलची त्यांची तक्रार रास्तच होती. अकराला वायफाय बंद, हे तिघांनी मिळून ठरवलं.

नऊ जणांपैकी पाच परत आले. ओठ हलवायला सांगितलेली मुलगी आली नाही. "तुझं ऐकून घेतलं, बास," एवढंच म्हणाली. त्याला ते फार लागलं, आणि मी त्याची समजूत घातली नाही.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात वानवडीत घरोघरी फिरताना दोन घरी त्यानं कीबोर्ड दुसऱ्या मुलाला दिला. लय ढिली पडली, हा गप्प राहिला. तिसऱ्या घरी मात्र राहवलं नाही, मध्येच हात घालून त्यानं वेग सावरला. "पण नंतर सॉरी म्हणालो," त्यानं कळवलं.

आईचाही मेसेज आला. मालिकेचे चार सीझन बघून झालेत, आणि वायफाय आता बारालाच बंद करतात.