ढोलघरात वाचून दाखवता येईल असं लिही

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. मेहनत घेतली आहेस, भाषाही नेटकी आहे. तरी तो आहे तसा पाठवू नकोस, एवढंच आधी सांगते.

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या वाए रेबो या डोंगरातल्या गावाची माहितीपुस्तिका हवी, अर्धी पाहुण्यांसाठी आणि अर्धी गुंतवणूकदारांसाठी, असं तुला सांगितलं गेलं आणि तू तशीच लिहिलीस. पहिल्या भागात ‘काळ थांबलेलं, ढगांतलं गाव’, दुसऱ्या भागात ‘विकासाच्या अपार संधी’. म्हणजे पाहुण्याला म्हणतेस, इथे काही बदललेलं नाही आणि पैसेवाल्याला म्हणतेस, इथे हवं ते बदलता येईल. ज्यांच्या घरांबद्दल हे लिहिलंय त्यांनी दोन्ही भाग एका बैठकीत ऐकले तर काय होईल, याचा विचार कर. गावाची माहिती एकच असते. वाचणारे वेगळे असतात.

आता मांडणी. तू विषय पाडलेस: निसर्ग, संस्कृती, पर्यटन, अर्थकारण. ही चौकट कोणत्याही गावाला बसते, म्हणून कुठल्याच गावाला नीट बसत नाही. तिथल्या मांगाराई लोकांनी स्वतःच्या गावाची व्याख्या कधीच करून ठेवली आहे. म्हातारी माणसं ती एका दमात म्हणतात: म्बारू बाते काएंग, उमा बाते दुआत, नातास बाते लाबार, चोम्पांग बाते ताकुंग, वाए बाते तेकू. राहायला घर, कसायला शेत, खेळायला अंगण, नैवेद्याला दगडी चौथरा, भरायला पाणी. ही पाच असली की गाव. तुझी पाच प्रकरणं तयारच आहेत. त्याच चौकटीत लिही. पाहुण्याला आणि गुंतवणूकदाराला जे जे हवं ते सगळं त्यात बसतं.

घरापासून सुरुवात कर, कारण लोक ते बघायलाच येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटरवर, डोंगरांच्या वाटीत, शंकूच्या आकाराची सात घरं, म्बारू नियांग. तू ‘जगप्रसिद्ध वास्तू’ म्हणून पुढे गेलीस. थांब जरा तिथे. आत शिरलं की आधी धुराचा वास येतो. मधोमध चूल, आणि तिचा धूर वर छपरात मुरतो; गवताला कीड लागत नाही ती त्या धुरामुळे. खिळा नाही, सगळं वेताने बांधलेलं. आणि मजले पाच. खालच्यावर, लुतुरवर, माणसं राहतात. त्याच्यावर लोबो, रोजचं धान्य आणि सामान. मग लेंतार, पुढच्या पेरणीचं बियाणं. त्यावर लेम्पा राए, पाऊस दगा देईल त्या वर्षासाठीचा साठा. सगळ्यात वर हेकांग कोदे, पूर्वजांच्या नैवेद्याची जागा. ज्या माणसांनी दुष्काळासाठी घरातला एक अख्खा मजला बाजूला ठेवलाय, ती माणसं कोणाच्या ‘संधी’ला भुलून हातची गोष्ट सोडणार नाहीत. गुंतवणूकदाराला यापेक्षा उपयोगाची माहिती तू कुठून देणार?

घरांचा अलीकडचा इतिहासही याच प्रकरणात घाल. 2008 साली योरी अंतार हे जाकार्ताचे वास्तुरचनाकार सोबत्यांना घेऊन वर चढले तेव्हा सातपैकी चारच घरं उभी होती. पुढच्या तीन-चार वर्षांत सातही पुन्हा उभी राहिली. पैसा बाहेरच्या दात्यांचा, हात गावकऱ्यांचे. ज्या म्हाताऱ्यांना बांधणी येत होती त्यांनी तरुणांना शिकवली, आणि वास्तुरचनेचे विद्यार्थी तिथे शिकायला गेले. 2012 साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला मिळाला. तू पुरस्कार ठळक अक्षरांत दिलास आणि ही हकीकत गाळलीस. मला उलटं हवं आहे. बाहेरचा पैसा या गावात कसा चांगला जिरला, याचा हा सगळ्यात भक्कम दाखला आहे. शाकारणीचा खर्च मात्र संपलेला नाही. छपराचं गवत पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. तो कोण सोसतं, पाहुण्यांच्या पैशातला किती भाग त्यासाठी ठेवला जातो, हे विचार आणि लिही.

आता पाणी. हे मी शेवटी ठेवणार नाही, कारण माझ्या हातून चूक झाली ती इथेच.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. मी नवीन असताना फ्लोरेसमधल्याच एका दुसऱ्या गावाची अशीच माहिती लिहून दिली होती. फेब्रुवारीत गेले होते. झरे दुथडी, वाटेवर चिखल, अंगावर जळवा. मी लिहून टाकलं, ‘पाणी बारमाही आणि मुबलक.’ त्या ओळीवर एका कंपनीने आठ खोल्यांचं विश्रामगृह बांधलं आणि वरच्या झऱ्यातून नळ ओढला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात मी पुन्हा गेले. खालच्या आळीतल्या बायका पहाटे चारला पिवळे कॅन घेऊन रांगेत बसल्या होत्या, आणि एक एक कॅन भरायला जो वेळ लागत होता तो मी घड्याळात बघितला. कोणी मला बोल लावला नाही. माझ्या ओळीची त्यांना कल्पनाही नव्हती. मला होती. तेव्हापासून मी कोरड्या महिन्यांत गेल्याशिवाय पाण्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही, आणि तूही लिहू नयेस अशी माझी फार इच्छा आहे. तिकडे पाऊस साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. तू मार्चमध्ये जाऊन आलीस. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात परत जा. झऱ्यावर बस, भांडं भरायला लागणारा वेळ मोज, किती घरं त्यावर आहेत ते विचार. ‘वाए’ म्हणजेच पाणी, गावाचं नाव त्यावरून सुरू होतं. तुझ्या मसुद्यात पाण्याला दीड ओळ आहे.

शेताकडे वळू. इथे कायदा आणि परंपरा एकत्र येतात, म्हणून सावकाश वाच.

मांगाराईत सामूहिक जमिनीला लिंको म्हणतात. चांचारची कोळिष्टकासारखी भातशेती तू फोटोत घेतली आहेस, ती लिंकोच. मधोमध खुंटा रोवतात, आणि तुआ तेनो, म्हणजे जमीन वाटण्याचा मान असलेला माणूस, त्या केंद्रापाशी बोटांनी वाटे मोजतो. कोणाला एक बोट, कोणाला दोन. केंद्रापाशी बोटभर असलेला वाटा बाहेर जाता जाता रुंद होत अख्खं शेत होतो. त्यांची म्हण आहे, गेंदांग ओने, लिंको पेआंग: ढोल आत, शेत बाहेर. ज्या घरात ढोल टांगलेले असतात त्या ढोलघराशी ही जमीन बांधलेली आहे. तुझ्या मसुद्यात ‘वापरात नसलेली बरीच जमीन उपलब्ध’ असं वाक्य आहे. ते आजच खोड. पडीक दिसणारी जमीन रिकामी नसते. तिचं पुढच्या फेरीचं वाटप बाकी असतं, किंवा ती झऱ्याच्या डोक्यावरची म्हणून राखलेली असते. देवराई माहीत असलेल्या मुलीला हे मी समजावून सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात, पण बिनचूक लिही. 1960 च्या मूळ जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, हाक मिलिक, इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाने स्थानिकाच्या नावावर जमीन घेणं, म्हणजे आपल्याकडचं बेनामी, त्याच कायद्याच्या 26 व्या कलमाने रद्द ठरतं आणि जमीन सरकारजमा होते. परदेशी भांडवलाची कंपनी काढायची तर साधारणपणे 10 अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. आता हे त्या सात घरांशेजारी ठेवून बघ. बाहेरून येणाऱ्याला कायदा सांगतो, मोठा होऊन ये. आणि त्या डोंगरवाटीत मोठं काही मावत नाही. म्हणून ‘रिसॉर्टसाठी आदर्श’ हा शब्दप्रयोग नुसता वाईटच नाही, चुकीचाही आहे.

मग गुंतवणूक कशात? कॉफीत. या लोकांचं खरं नगदी पीक तेच आहे. पाहुणे ढगांचे फोटो काढतात त्याच अंगणात कॉफी चटयांवर वाळत असते आणि बायका ती उखळात कांडतात. पोती पाठीवरून डोंगर उतरतात. जिथे रस्ता पोचतो तिथे वाळवण, प्रतवारी, भाजणी आणि पाकिटं यांची सोय झाली तर किलोमागे जास्त पैसे वर पोचतील. सहकारी संस्था किंवा 2014 च्या ग्रामकायद्याखालचा ग्रामपंचायतीचा उद्योग, ज्याला तिकडे बुमदेस म्हणतात, यांच्याशी भागीदारी होऊ शकते. मध्य जावातल्या पोंगोक गावाने आपल्या झऱ्यावर बुमदेसमार्फतच जलपर्यटन उभं केलं. तो दाखला दे, पण त्याच दमात हेही सांग की पोंगोक सपाटीवर, शहरांच्या जवळ आहे आणि वाए रेबोला शेवटचा टप्पा पायीच गाठावा लागतो.

आणि एक गोष्ट, जी तुला हे काम देणाऱ्यांना आवडणार नाही. 2017 साली केंद्र सरकारने फ्लोरेसला भू-औष्णिक ऊर्जेचं, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेचं बेट ठरवलं. याच मांगाराई जिल्ह्यातल्या पोचो लेओकमध्ये उलुम्बू प्रकल्पाच्या विस्ताराला गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे, आणि त्यांच्या तोंडी तीच म्हण आहे, ढोल आत, शेत बाहेर. हे गाळून ‘स्थानिकांचा पूर्ण पाठिंबा’ लिहिणं म्हणजे पैसे घालणाऱ्यालाही फसवणंच. प्रकल्प चांगला की वाईट यावर तू मत देऊ नकोस. विरोध आहे आणि तो जमिनीवरून आहे, एवढं मात्र पुस्तिकेत यायलाच हवं.

अंगण आणि चौथरा यांवर दोन परिच्छेद पुरेत. घरांच्या मधोमध चोम्पांग, दगडांचा गोल. पाहुण्याला सरळ शब्दांत सांग: वर पोचलात की आधी ढोलघरात जायचं, वडीलधारे पूर्वजांना तुमच्या येण्याची वर्दी देतात, तो छोटा विधी होईपर्यंत कॅमेरा पिशवीत. ही माणसं कॅथलिक आहेत आणि पूर्वजांनाही मानतात. त्यात तुला विसंगती दिसली तरी ती तुझ्याजवळ ठेव. नोव्हेंबरात पेंती होते, त्यांचं नवं वर्ष. तो सण त्यांचा आहे, पुस्तिकेत त्याला ‘आकर्षण’ म्हणू नकोस. झोपायला पाहुण्यांच्या घरात गोलाकार अंथरलेल्या चटया. रात्री थंडी असते, म्हणून गरम कपडे. डेंगे या पायथ्याच्या गावापासून चढ काही तासांचा, पावसात जळवा. गुडघे दुखणाऱ्यांनी येऊ नये, हेही लिही. असं लिहिल्याने पाहुणे कमी होतात, पण जे येतात ते कुरकुर करत नाहीत.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. वाए रेबो ही काम्पुंग आहे, आपल्या भाषेत वाडी. देसा, म्हणजे ग्रामपंचायत, सातार लेंदाची. सरकारी तालुकानिहाय पुस्तिकेत मिळणारी लोकसंख्या सगळ्या देसाची असते. तू ती वाडीची म्हणून दिली आहेस. शिवाय शाळकरी मुलं खाली कोम्बोला राहतात, तेव्हा वर किती माणसं हे कोणत्या महिन्यात मोजलं त्यावर अवलंबून. आणि लाबुआन बाजो, जिथे विमान उतरतं, ते 2003 पासून पश्चिम मांगाराई या वेगळ्या जिल्ह्यात आहे. वाए रेबोची जिल्हा कचेरी रुतेंगला. परवान्यासाठी माणूस चुकीच्या गावी खेटे घालेल आणि दोष गावाला देईल.

सप्टेंबरात जाशील तेव्हा नवा मसुदा इंडोनेशियन भाषेत करून ने. मांगाराई बोलणारा दुभाषा सोबत घे. म्हाताऱ्यांना तीच भाषा जवळची. ढोलघरात चुलीशी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाच, गुंतवणुकीचा भागसुद्धा. घाई करू नकोस, कॉफी येईल ती घे. ते ज्या ज्या वाक्याला अडवतील त्याखाली रेघ मार आणि ती पानं मला पाठव.

कळावे,
तुझी ताई